पाय काय म्हणतो?

गेल्या आठवड्यात गाडीचं ब्रेकचं पेडल थोडं खाली गेल्यासारखं वाटलं. थोडं म्हणजे करंगळीच्या पेराएवढं. शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याला ते कळण्याचं कारण नव्हतं; त्याला गाडी चालवता येत नाही, आणि तो तेव्हा पेपर वाचत होता. मी गाडी हायवेलगतच्या मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या तरुणानं हातातल्या टॅबवर सगळं नीट लिहून घेतलं. मी सवयीनं चपला काढून पुन्हा सीटवर बसायला लागले, तेव्हा तो गोंधळला. म्हणाला, मॅडम, तुम्ही वर बसा, तिथे कॉफीचं मशीन आहे. मी विचारलं, मग पेडल कोण दाबणार? कोणीच नाही, तो म्हणाला, आमच्याकडे तेही मशीननंच होतं. मग गाडीभोवती एक फेरी मारून तो पुढच्या डाव्या मडगार्डपाशी थांबला. तिथे रुपयाएवढ्या जागेतला रंग सोलून निघालेला आहे. टचअप करून देऊ का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, राहू दे.

वरच्या काचेआड बसून मी खाली माझी गाडी उचलली जाताना पाहत होते. कासमभाईंना जाऊन त्या दिवशी चार महिने झाले होते. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच माझ्या गाडीच्या ब्रेकचं काम माझ्या पायाशिवाय होत होतं. तेव्हाच ठरवलं की त्यांच्याविषयी जमेल तेवढं लिहून ठेवायचं. आणखी एक कारण आहे. त्यांचं गॅरेज बंद झालं ते माझ्या एका शब्दामुळे. तो शब्द खरा होता, पण त्याच्या आदल्या दिवशी मी एक खोटा शब्द बोलले होते, आणि त्या दोन शब्दांच्या मधल्या अंतराचा हिशेब मला अजून नीट लागलेला नाही.

कासमभाईंचं गॅरेज पनवेलमध्ये उरण नाक्याच्या अलीकडे, एका देशी बदामाखाली होतं. पाटीवर नाव नव्हतं. निळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगानं फक्त 'ब्रेकचे काम' एवढंच लिहिलेलं. इंजिन, क्लच, एसी यांतलं काही घेऊन कोणी आलं तर ते हात पुसत शेजारच्या गॅरेजचा रस्ता दाखवत. मस्कतला एका मोठ्या वर्कशॉपमध्ये त्यांनी अठरा वर्षं ब्रेक सोडून दुसऱ्या कशाला हात लावला नव्हता. परत आल्यावरही त्यांना दुसरं काही शिकावंसं वाटलं नाही.

मी तेव्हा इथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करत होते आणि चाळिशी ओलांडल्यावर गाडी शिकले होते. जुनी पांढरी गाडी घेतली होती. तिचं पेडल मला पहिल्यापासून मऊ वाटायचं, पाय ओल्या मातीत जावा तसं. दोन मेकॅनिकांनी पाहून सांगितलं की मॅडम, दोनदा पंप करा, लागतो ब्रेक. नवऱ्याचा एक मित्र म्हणाला की नवीन माणसाला असं वाटतंच. तिसरे कासमभाई. राखाडी शर्ट-पँट, डोक्यावर विणलेली पांढरी टोपी, गळ्यात दोरीला लटकलेला चष्मा. त्यांनी गाडीचं दार उघडलं, जमिनीवर गुडघे टेकले आणि उजव्या हाताचा तळवा पेडलवर ठेवून हळूहळू दाबला. डोळे मिटलेले. तीनदा दाबून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, "चालवतं कोण?"

नवऱ्यानं माझ्याकडे बोट दाखवलं.

"मग तुमी जरा बाजूला व्हा, सायेब. बाई, चपला काढा आणि बसा."

त्यांच्याकडचा नियम असा होता: ब्रेकमधली हवा काढताना पेडल दाबायचं ते, जो गाडी चालवतो त्यानंच, आणि तेही अनवाणी. म्हणून त्यांनी हाताखाली कधी माणूस ठेवला नाही. हे काम एकट्याचं नव्हे. एकानं वर बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकाशी आडवं होऊन तिथली छोटी निपल, म्हणजे हवा सोडायची तोटी, पान्यानं उघडायची, की नळीतून ऑइलबरोबर अडकलेली हवा बाहेर येते. निपल बंद होईपर्यंत वरच्यानं पाय उचलायचा नाही. उचलला तर बाहेर काढलेली हवा परत आत ओढली जाते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. बाकी गॅरेजांत पेडलवर हाताखालचं कोणीतरी बसतं आणि मालक बाहेर चहा पितो. मी एकदा कासमभाईंना विचारलं की तुम्ही असं का नाही करत. ते म्हणाले, "पेडल मऊ झालं तर गाडी मला फोन करून नाय सांगत, बाई. तुमच्या पायाला सांगते. त्याला कडक म्हणजे काय ते ठाऊक नको?"

काम सुरू व्हायचं मागच्या डाव्या चाकापासून, कारण ते सगळ्यात लांबचं. मग मागचं उजवं, पुढचं डावं आणि शेवटी पुढचं उजवं. निपलला लावलेली पारदर्शक नळी सरबताच्या एका जुन्या बाटलीत सोडलेली असायची, आणि बाटलीतले बुडबुडे ते एका डोळ्यानं पाहत. मला ते दिसत नसत. मला खालून फक्त त्यांचा आवाज यायचा.

"दाबा."

मी दाबायचे.

"धरा."

मग पान्याचा बारीक आवाज, आणि पायाखालचं पेडल सावकाश तळाला जायचं. "असू दे. असू दे." पुन्हा पान्याचा आवाज. "सोडा."

पहिल्याच दिवशी मी 'असू दे'वर पाय उचलला. ते सरकत बाहेर आले, उठून बसले आणि बाटली मला दाखवत म्हणाले की आता पुन्हा मागच्या डाव्या चाकाला जायचं. मी वरमले. त्यांनी समजूत घातली. म्हणाले, पहिल्या वेळी सगळ्यांकडून होतं हे. वकील लोकांकडून दोनदा होतं.

चारही चाकं झाली की ते दाराशी येत. पेडलला स्वतः हात लावायच्या आधी मला दाबायला सांगत आणि विचारत, "पाय काय म्हणतो?" याला उत्तर दिल्याशिवाय गाडी तिथून हलत नसे. मी त्या दिवशी दाबलं आणि दचकले. पेडल अर्ध्या वाटेवर दगडासारखं थांबलं होतं. तीन महिने सगळे मला सांगत होते की तुम्हाला उगाच वाटतंय. मला उगाच वाटत नव्हतं हे सांगणारा तो पहिला माणूस.

पुढे पंधरा वर्षं मी वर्षातून दोनदा तरी त्यांच्याकडे जायचे. आमची बरीचशी ओळख अशी गाडीच्या पत्र्यातून झाली, मी वर आणि ते खाली. मी ग्रंथालयात असते हे कळल्यावर त्यांनी चाकाखालून विचारायला सुरुवात केली की सध्या काय वाचताय. मी तेव्हा वाचत असलेली एक कादंबरी सांगायला लागले. एका तरुण मुलीला घरची मंडळी शिकायला बाहेरगावी पाठवत नाहीत, अशी काहीतरी गोष्ट होती. दाबा, धरा, सोडा यांच्या मधल्या जागांत ती सांगायची. मागच्या दोन चाकांना ती मुलगी घरातच होती. पुढच्या डाव्याला ती पळून गेली. तेवढ्यात काम संपलं. सहा महिन्यांनी मी गेले तेव्हा चपला काढून बसते न बसते तोच खालून आवाज आला, "त्या पोरीचं काय झालं मग?" मी ती कादंबरी विसरूनही गेले होते. मी खरं सांगितलं की शेवट आठवत नाही. त्यांना ते आवडलं नाही. पुढच्या वेळी मी पुस्तक पुन्हा वाचून गेले.

त्यांच्या काही गोष्टी ठरलेल्या होत्या. ब्रेक ऑइलचा डबा प्रत्येक गाडीला नवा फोडायचा. उघडा राहिलेला डबा हवेतलं पाणी ओढतो, आणि आपल्या हवेत पाणी किती असतं हे पनवेलच्या माणसाला सांगायला नको. कोणी अर्धा वापरलेला डबा घेऊन आलंच तर ते त्याला तो आदबीनं परत न्यायला सांगत. दुसरं, शेजारी नेहमी पाण्यानं भरलेला मग ठेवलेला असायचा. या ऑइलचा थेंब रंगावर पडला की रंग सोलला जातो, म्हणून थेंब पडताच त्यावर पाणी. पंधरा वर्षांत मी त्यांच्या हातून कुठल्या गाडीवर डाग पडलेला पाहिला नव्हता. तिसरं, डाव्या चाकाचं सुटं सामान निळ्या टबात आणि उजव्या चाकाचं लाल टबात. या टबांना दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे. शुक्रवारी दुपारी नमाजासाठी गॅरेज बंद असायचं, आणि उघडताना ते हटकून पान खाऊन आलेले असत.

नियम सगळ्यांना सारखा होता. एकदा मी तिथे असताना जवळच्याच गावचे एक शेठ आले. जमिनीचे बरे पैसे आलेले, गळ्यात जाड चेन, बाहेर नवी कोरी मोठी गाडी. त्यांचा ड्रायव्हर नाश्त्याला गेला होता. शेठ म्हणाले, मी दाबतो, काढ हवा. कासमभाईंनी मान हलवली.

"अरं, गारी माजी हाय ना? पैसं मी देनार ना?" शेठ चिडले होते.

"गाडी तुमचीच हाय, शेठ. पण तुमी बसता मागं. मागं ब्रेक नाय."

शेठ बदामाखाली अर्धा तास तोंड फिरवून उभे राहिले. मला वाटलं, गिऱ्हाईक गेलं. पण दोन वर्षांनी कासमभाईंनीच मला हसत सांगितलं की शेठ पंचावन्नाव्या वर्षी गाडी शिकले, एकटेच चालवत आले, आणि काही सांगायच्या आधीच पायातले बूट काढून सीटवर जाऊन बसले.

त्यांची एक सवय मात्र त्यांच्या घरच्यांना त्रासाची होती. दुसऱ्याच्या गाडीत त्यांना स्वस्थ बसताच येत नसे. पुढे डाव्या सीटवर बसले की सगळा वेळ उजवा पाय जमिनीवर दाबलेला असायचा, जणू तिथे एक ब्रेक आहे. समोर काही आलं की पाय आणखी घट्ट व्हायचा. त्यांच्या मुलाच्या, समीरच्या गाडीत डाव्या बाजूच्या पायपुसण्याला टाचेच्या जागी भोक पडलं होतं. समीर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. म्हणायचा, अब्बा माझ्यावर विश्वास नाही ठेवत, हा बघा पुरावा. कासमभाई म्हणायचे, "माझा इतबार तुझ्यावर हाय. तुझ्या पायावर नाय."

समीर उरणच्या बाजूला एका कंटेनर यार्डात काम करतो. सरळ, काळजी करणारा मुलगा. आई गेल्यावर त्यानं रोडपालीला फ्लॅट घेतला आणि वडिलांना तिकडे नेलं, पण कासमभाई रोज सकाळी स्कूटरवरून गॅरेजला यायचेच. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं करायचं होतं. गाडीखालून उठताना ते आता बंपर धरायचे. समीर कामावर जाता-जाता गॅरेजपाशी थांबायचा आणि रोज तेच बोलायचा. एके दिवशी माझ्यासमोरच ते थोडं वाढलं. समीर म्हणाला, अब्बा, हे पंक्चरचं काम नाही, इथे चुकलं तर दुसऱ्याचा जीव जातो.

कासमभाईंनी पान्याला लागलेलं ऑइल पुसलं. मग म्हणाले, "ज्या दिवशी माझ्या हातची गाडी इथून मऊ पेडल घेऊन बाहेर पडंल ना, त्या दिवशी हा पाना तुझ्या हातात देईन. त्याच्या आधी मला काय बोलायचं नाय." आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाई गवाह हायत."

मी हसून मान डोलावली. मला तेव्हा त्यात गमतीखेरीज काही दिसलं नाही.

दीडेक वर्षापूर्वी दिवाळीनंतर माझ्या गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांचे कॅलिपर उघडावे लागले. कॅलिपर म्हणजे चाकाच्या तबकडीला दोन्हीकडून चिमटीत धरणारा भाग. त्यातलं रबर खराब झालं होतं. मी स्टुलावर बसून पाहत होते आणि बोलत होते. त्या सकाळी समीरशी पुन्हा वाद झाला होता. मी विचारलं म्हणून ते सांगायला लागले. रोडपालीचा फ्लॅट चांगला आहे, म्हणाले, सातव्या मजल्यावर, हवा येते, पण दिवसभर करायचं काय? नातवंडं शाळेतून चारला येतात. तोपर्यंत खिडकीतून खालच्या गाड्या बघायच्या आणि कोण कसा ब्रेक मारतो ते मोजायचं. बोलता-बोलता त्यांनी दोन्ही कॅलिपर धुऊन एकाच टबात ठेवले, निळ्या. मी ते पाहिलं. माझ्या मनात काहीच आलं नाही.

मग नेहमीसारखी चार चाकं. दाबा, धरा, असू दे, सोडा. ऑइल स्वच्छ आलं, बाटलीत एकही बुडबुडा उरला नाही. ते दाराशी आले. त्या दिवशी त्यांनी क्रम मोडला. आधी स्वतः गुडघे टेकून पेडल तळव्यानं दाबलं, दोन-तीनदा, भरभर. म्हणाले, "झालं. कडक." आणि मग मला म्हणाले, "पाय काय म्हणतो?"

मी दाबलं. पहिल्या दाबाला ते दगडासारखं थांबलं नाही. थांबलं, पण उशिरा, आणि थांबल्यावरही थोडंसं सरकलं. माझ्या पायाला ते तिथेच कळलं. पण त्यांचा चेहरा थकलेला होता, संध्याकाळ होत आली होती, आणि ज्यांनी मला कडक म्हणजे काय ते शिकवलं तेच कडक म्हणत होते. मी म्हटलं, "ठीक आहे."

घरी येताना आमच्या वळणावरच्या स्पीडब्रेकरपाशी एक बाई भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होत्या. मी ब्रेक दाबला आणि पाय पार तळाला गेला. दुसऱ्यांदा दाबल्यावर गाडी थांबली. बाईंच्या आणि बंपरच्या मध्ये एका पावलाची जागा होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, पिशवी दुसऱ्या हातात घेऊन निघून गेल्या. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये बिल्डिंगखाली आणून उभी केली आणि तशीच वर गेले.

माझ्याकडे ग्रंथालयातून रद्दीत निघालेलं, आयटीआयच्या मुलांसाठी लिहिलेलं एक जुनं पुस्तक होतं. त्यात ब्रेकचं प्रकरण होतं. कॅलिपरच्या आकृतीत निपल सगळ्यात वरच्या टोकाला दाखवली होती. खाली एक ओळ होती: हवा वर जाते, म्हणून निपल वर असावी, डावा-उजवा कॅलिपर बदलून बसल्यास निपल खाली येते आणि कितीही प्रयत्न केले तरी हवा निघत नाही. मी खाली जाऊन गाडीपाशी वाकून पाहिलं. पुढच्या दोन्ही चाकांना निपल खालच्या बाजूला होती.

मी दुसऱ्या गॅरेजला गाडी नेली असती तर दोन कॅलिपर अर्ध्या तासात बदलून मिळाले असते. कासमभाईंना कधी कळलं नसतं. पण त्याच आठवड्यात त्यांच्याकडे आणखी गाड्या येणार होत्या, आणि प्रत्येक गाडीपुढे कोणीतरी पिशवी घेऊन रस्ता ओलांडणार होतं. सकाळी मी त्यांना फोन केला. काय झालं ते सांगितलं नाही. पेडल थोडं मऊ वाटतंय, घरी येता का, एवढंच म्हटलं. गॅरेजला गेले असते तर कामावर जाता-जाता समीर तिथे थांबला असता.

ते स्कूटरवरून आले. हत्यारांची पिशवी होती, पाण्याचा मग नव्हता. त्यांनी तळवा पेडलवर ठेवून या वेळी सावकाश दाबला. मग चटई टाकून पुढच्या डाव्या चाकाशी आडवे झाले. मला फक्त त्यांचे पाय दिसत होते. आधी ते पाय नेहमीसारखे इकडे-तिकडे सरकत होते. मग थांबले.

आतून आवाज आला, "बाई, तुमाला ठाऊक होतं."

"पुस्तकात वाचलं."

"पुस्तकात हाय हे?"

मी वर जाऊन पुस्तक आणलं. ते उठून बसले, चष्मा लावला आणि ती आकृती नीट पाहिली. त्यांच्या ऑइलच्या बोटाचा ठसा त्या पानावर अजून आहे. "निपल वर," ते म्हणाले. "बराबर काढलंय."

कॅलिपर काढून त्यांनी आपापल्या बाजूला बसवले. त्या गडबडीत नळीतून एक थेंब मडगार्डवर पडला. त्यांनी सवयीनं शेजारी हात नेला, तिथे मग नव्हता. मी पाणी आणेपर्यंत जे व्हायचं ते झालं होतं. मग मी अनवाणी बसले आणि आम्ही चार चाकं केली. पुढच्या डाव्या चाकाला निपल बंद करून त्यांनी मला बोलावलं आणि नळी दाखवली. तिच्यात बोराएवढा एक बुडबुडा अडकून होता.

हात पुसल्यावर त्यांनी समीरला फोन केला आणि बाईंकडे ये एवढंच सांगितलं. वडील पडले-बिडले असं समजून समीर यार्डातून अर्ध्या तासात हेल्मेटसकट धावत आला. कासमभाईंनी त्याला दोन वाक्यांत सांगितलं: डावं-उजवं उलटं लावलं, गाडी काल तशीच बाहेर पडली. आणि दहा नंबरचा पाना पुढे केला.

समीरनं तो घेतला नाही. इतके दिवस तो ज्याच्यासाठी भांडत होता ते समोर होतं, आणि त्याला ते नको झालं. तो म्हणाला, अब्बा, चाळीस वर्षांत एकदा झालंय. कुणाला काही झालं नाही. मी रागानं बोलत होतो, राहू द्या. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काकू, तुम्ही सांगा ना यांना. घरी आल्यावर मऊ झालं असेल. गॅरेजमधून निघताना ठीक असेल."

कासमभाई माझ्याकडे पाहत होते. "बाई गवाह हायत," ते म्हणाले. "त्यांनाच विचारू. काल गाडी बाहेर काढताना पाय काय म्हणत होता?"

समीर माझ्याकडे आशेनं पाहत होता. मी तोच शब्द पुन्हा म्हणू शकले असते. आदल्या दिवशी तो सहज निघाला होता. माझ्या डोळ्यांसमोर ती भाजीची पिशवी आली.

"मऊ," मी म्हटलं. "मला तिथेच कळलं होतं. मी सांगितलं नाही."

कासमभाईंनी मान हलवली. ते माझ्यावर रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "सांगायचं होतं, बाई. मी हात लावला होता. चालवणार तुमी होता." मग त्यांनी समीरचा हात धरला, त्यात पाना ठेवला आणि त्याची बोटं मिटवली. समीर खाली मान घालून उभा होता. त्याचं हेल्मेट अजून डोक्यावरच होतं.

गॅरेज महिन्याभरात रिकामं झालं. 'ब्रेकचे काम'ची पाटी काढली, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. बदाम आहे.

मी अधूनमधून रोडपालीला जायचे. जाताना एखादं पुस्तक न्यायचे आणि सातव्या मजल्यावर बसून त्यांना त्यातली गोष्ट सांगायचे. चाकं नसल्यामुळे गोष्ट कुठे थांबवायची ते मला कळत नसे, आणि ते मध्येच म्हणायचे, बस, बाकीचं पुढच्या वेळी. गॅरेजविषयी आम्ही एकदाही बोललो नाही. त्यांनी मनात माझ्याविषयी काही राग ठेवला आहे की नाही, हे मला विचारता आलं नाही. मी आदल्या संध्याकाळी खरं बोलले असते तर गाडी बाहेर पडलीच नसती, त्यांनी हसत पुन्हा चाकं उघडली असती, आणि पाना देण्याची वेळही आली नसती. हे त्यांना माझ्याआधी कळलं असणार.

गेल्या थंडीत उरणपलीकडे करंज्याला त्यांच्या बहिणीकडे काही कार्य होतं. समीरला सुट्टी नव्हती. त्यांनी मला फोन करून विचारलं की बाई, तुमी सोडाल का? इतक्या वर्षांत ते माझ्या गाडीखाली कितीदा झोपले असतील, पण माझ्या गाडीत कधी बसले नव्हते.

मी सकाळी रोडपालीला गेले. ते खाली उभे होते, धुतलेला पांढरा सदरा, टोपी, हातात खाऊची पिशवी. आधी माझ्या बाजूला आले, दार उघडायला लावलं, कष्टानं गुडघे टेकले आणि तळवा पेडलवर ठेवला. डोळे मिटले. मग उठून, माझ्या हाताचा आधार घेत, पलीकडे जाऊन बसले. मी नजरेच्या कोपऱ्यातून पाहिलं. उजवा पाय जमिनीवर घट्ट होता. मी ते धरूनच चालले होते.

उरणच्या रस्त्याला कंटेनरचे लांबलचक ट्रेलर रांगेनं चाललेले असतात. मी मधे पुरेशी जागा ठेवून चालवत होते. जासईपर्यंत ते बहिणीविषयी बोलले, तिच्या हातच्या सुक्या बोंबलाच्या कालवणाविषयी बोलले. मग बोलणं थांबलं. मी शेजारी पाहिलं. त्यांनी चपला काढून ठेवल्या होत्या, दोन्ही पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली होती, आणि खिडकीशी डोकं टेकून त्यांना झोप लागली होती.

पुढच्या ट्रेलरचे लाल दिवे लागले. मी पाय टेकवला आणि पेडल होतं तिथेच थांबलं. मी ते हळूहळू दाबत गेले, त्यांनी शिकवलं होतं तितकं सावकाश. गाडी उभी राहिली. त्यांची मान एकदा किंचित पुढे झुकली आणि परत मागे गेली. झोप मोडली नव्हती.